तांत्रिक छाननीत बाद झालो. जलवाहिनीच्या कामाला स्थगिती मिळेल का?

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यात पाणीपुरवठ्याची कामे करणारा नोंदणीकृत ठेकेदार आहे. आमच्या नगरपरिषदेची जॅकवेलपासून (पाणी उपसण्याच्या विहिरीपासून) जलकुंभापर्यंतची बीडाची (ओतीव लोखंडाची) जुनी मुख्य जलवाहिनी वरचेवर फुटते, गावाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. तिची दुरुस्ती आणि काही भाग बदलण्यासाठी ई-निविदा निघाली. तिघांनी निविदा भरल्या. अनुभवाच्या दाखल्यावर कार्यकारी अभियंत्याऐवजी उपअभियंत्याची सही आहे, असे कारण देऊन मला तांत्रिक छाननीतच बाद केले. अटीत मात्र ‘सक्षम अधिकाऱ्याचा दाखला’ एवढेच लिहिले होते. ज्याला काम मिळाले त्याच्या दाखल्यावरही उपअभियंत्याचीच सही असल्याचे मी पोर्टलवर पाहिले. गेल्या आठवड्यात त्याला स्वीकृतीपत्र दिले, कार्यारंभ आदेश अजून निघालेला नाही. माझा दर त्याच्यापेक्षा कमी होता. स्थगिती मिळेल का? चुलतभावाच्या नावाने जनहित याचिका करावी का? कोर्टात गेलात तर काळ्या यादीत टाकू, असे एका अभियंत्याने सुनावले आहे. तिकडे काम मिळालेला ठेकेदार पोटठेका देतो म्हणतो. काय करावे?

उत्तर : तुमची बाजू लढण्याजोगी आहे. पण ती ज्या मुद्द्यावर उभी आहे असे तुम्हाला वाटते, त्या मुद्द्यावर ती उभी नाही.

‘माझा दर कमी होता’ हे वाक्य आधी बाजूला ठेवा. तुमचा आर्थिक लिफाफा, म्हणजे निविदेतला दराचा भाग, उघडलाच गेलेला नाही. जो तांत्रिक छाननीत अपात्र ठरला त्याच्या दराला कायद्याच्या दृष्टीने अजून काही अस्तित्व नाही. लिफाफा उघडून तुमचा दर सर्वांत कमी निघाला असता तरी काम तुम्हालाच मिळाले पाहिजे, असा हक्क आपोआप तयार होत नाही. तुमचा खरा हक्क एवढाच आहे, की तिघांची कागदपत्रे एकाच मापाने तपासली जावीत. तो हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ मधून, म्हणजे समानतेच्या हक्कातून येतो आणि न्यायालय तो गांभीर्याने घेते.

न्यायालय निविदेत कितपत हात घालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालात ठरवून दिले आहे. निर्णय बरोबर की चूक हे न्यायालय तपासत नाही, निर्णय कोणत्या रीतीने घेतला एवढे तपासते. पुढे जगदीश मंडल प्रकरणात दोन प्रश्न सांगितले गेले. निर्णयप्रक्रिया दुष्ट हेतूची, पक्षपाती किंवा कोणताही शहाणा अधिकारी घेणार नाही इतकी मनमानी होती का? आणि त्यातून सार्वजनिक हिताला बाधा येते का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले की याचिका तिथेच संपते.

आता तुमची कमकुवत बाजू सांगतो, कारण समोरचा वकील तिथूनच सुरुवात करणार आहे. ‘सक्षम अधिकारी’ म्हणजे कोण, हे अटीत स्पष्ट नाही. नगरपरिषद म्हणेल, आमच्या लेखी सक्षम अधिकारी म्हणजे कार्यकारी अभियंता. नागपूर मेट्रोच्या निविदेवरून २०१६ मध्ये आलेल्या अ‍ॅफकॉन्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की ज्याने निविदेचा मसुदा केला त्यालाच तिचा अर्थ सर्वांत चांगला कळतो, आणि तो अर्थ न्यायालयाला पटला नाही तरी तेवढ्यावरून हस्तक्षेप करू नये. त्याच वर्षी सेंट्रल कोलफील्ड्स प्रकरणात बँक हमी ठरलेल्या नमुन्यात नाही म्हणून बाद झालेल्या निविदाकाराला दिलासा नाकारला गेला. कोणती अट अनिवार्य मानायची हे निविदा काढणाऱ्याने ठरवायचे, असे न्यायालय म्हणाले. तुम्ही पोद्दार स्टील (१९९१) या निकालाचा आधार घ्याल. त्यात बयाणा रकमेसाठी (निविदेसोबत भरायच्या अनामतीसाठी) एका बँकेऐवजी दुसऱ्या बँकेचा धनादेश दिला होता, आणि असा किरकोळ दोष माफ करता येतो असे ठरले. तो निकाल उपयोगी आहे, पण जपून वापरा. दोष ‘माफ करता येतो’ याचा अर्थ ‘माफ केलाच पाहिजे’ असा होत नाही.

म्हणून तुमचे सारे प्रकरण त्या दुसऱ्या दाखल्यावर येऊन ठेपते. सक्षम अधिकारी म्हणजे कार्यकारी अभियंताच, असा अर्थ नगरपरिषदेने खुशाल लावावा. पण तो तुम्हाला लावला तर विजेत्यालाही लावावा लागेल. स्वतः ठरवलेले निकष पाळायला शासन आणि त्याच्या संस्था बांधील आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या ठेक्यासंबंधीच्या रमणा शेट्टी निकालात १९७९ मध्येच सांगितले. आणि २०२४ चा बन्शीधर कन्स्ट्रक्शन निकाल तर तुमच्या प्रकरणाच्या फार जवळचा आहे. कोळसा खाणीच्या त्या निविदेत एकाला कागदोपत्री कारणावरून तांत्रिक छाननीत बाद केले होते आणि यशस्वी निविदाकाराच्या कागदांतल्या उणिवेकडे डोळेझाक केली होती. सर्वोच्च न्यायालयाने हे मनमानी आणि भेदभावाचे ठरवून दिलेले काम रद्द केले. तुमच्या वकिलांना या निकालाची प्रत पहिल्याच भेटीत द्या.

मात्र विजेत्याचा दाखला तुम्ही नीट पाहिला आहे ना? अनेकदा एक निविदाकार तीन-चार दाखले जोडतो. त्यातल्या एकावर उपअभियंत्याची सही असेल आणि बाकीच्यांवर कार्यकारी अभियंत्याची असेल, आणि त्या बाकीच्यांवरच त्याचा अनुभव पुरा होत असेल, तर तुमचा मुद्दा गेला. तुम्ही पत्रात ‘दाखल्यावर’ लिहिले आहे, कोणत्या आणि किती दाखल्यांपैकी ते लिहिलेले नाही. याचिका करावी की नाही हे या एका तपशिलावर ठरणार आहे.

त्यासाठी महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्ये दिसणारे सगळे कागद, म्हणजे तांत्रिक छाननीचा गोषवारा, अपात्रतेचा शेरा, शुद्धिपत्रके, विजेत्याचे दाखले, आजच उतरवून घ्या. पडद्याची छायाचित्रे तारीख-वेळेसह ठेवा. मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन निविदा समितीचे इतिवृत्त, छाननीचा तुलनात्मक तक्ता आणि तुम्हाला अपात्र ठरवण्याची कारणे मागा, आणि पोहोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्जही टाका. त्यात प्रतींबरोबर नस्तीची (फाइलची) प्रत्यक्ष पाहणीही मागा, तो हक्क कायद्याने दिला आहे. पण माहितीची वाट पाहत बसू नका. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, शिवाय त्रयस्थ पक्षाचे म्हणणे मागवण्यात आणखी वेळ जातो, आणि तोवर खोदाई सुरू झालेली असेल. प्रथमदर्शनी मुद्दा दाखवता आला तर मूळ नस्ती न्यायालयच मागवून घेऊ शकते.

अपात्रतेचे कारण पोर्टलवर जसे लिहिले आहे तसे जपून ठेवा. मोहिंदर सिंग गिल निकालाने घालून दिलेला नियम असा, की आदेशात जी कारणे नाहीत ती नंतर प्रतिज्ञापत्रातून भरता येत नाहीत. तुमच्याविरुद्ध फक्त सहीचे कारण नोंदवले असेल, तर न्यायालयात अचानक ‘यंत्रसामग्रीही अपुरी होती’ असे नगरपरिषदेला सांगता येणार नाही.

आता स्थगितीबद्दल. माझा स्पष्ट सल्ला आहे, की सरसकट स्थगिती मागू नका.

एक कारण कायद्याचे. विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियमात (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) २०१८ मध्ये भर घातलेल्या तरतुदींनुसार अनुसूचीतल्या पायाभूत प्रकल्पांना विलंब होईल असा मनाई आदेश देता येत नाही, आणि त्या अनुसूचीत पाणी व स्वच्छता हा गट आहे. ही तरतूद थेट दिवाणी दाव्याला लागू असली तरी २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिट याचिकेतही, म्हणजे तुम्हाला उच्च न्यायालयात करावी लागेल तशा याचिकेतही, तेच धोरण लक्षात ठेवायला सांगितले. काम थांबवण्यापेक्षा अन्याय झालेल्याला नुकसानभरपाईकडे वळवावे, असा त्याचा रोख आहे. त्याआधीचा रौनक इंटरनॅशनल निकाल आपल्याच राज्यातला, खापरखेडा वीज केंद्राच्या मोठ्या व्यासाच्या नळांच्या निविदेवरचा. उच्च न्यायालयाने दिलेला अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि बजावले, की काम अडवणारा शेवटी हरला तर रखडलेल्या कामाच्या वाढीव खर्चाची जबाबदारी त्याच्यावर यायला हवी. तुमच्यासारख्या मध्यम ठेकेदाराला ही जबाबदारी झेपणारी नाही.

दुसरे कारण तुमच्या गावाचे. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात जलवाहिनीचे काम एका दाखल्यावरच्या सहीसाठी महिनोन्‌महिने थांबावे, हे मला वकील म्हणून सुचवता येणार नाही. फुटलेल्या ठिकाणांमधून पुरवठा बंद असताना घाण पाणी आत शिरते, हे तुम्ही या धंद्यात असल्याने माझ्यापेक्षा चांगले जाणता. तो त्रास पैशात भरून देता येत नाही. ज्या न्यायालयापुढे तुम्ही ‘सार्वजनिक हित’ म्हणणार, तेही पहिल्यांदा याच गोष्टीकडे पाहील.

म्हणून मागण्या अशा ठेवा. अपात्रतेचा निर्णय रद्द करून तिन्ही निविदांची तांत्रिक छाननी एकाच निकषाने ठराविक दिवसांत पुन्हा करावी, आणि पात्र ठरल्यास तुमचा आर्थिक लिफाफा उघडावा. तोपर्यंत तातडीची गळती दुरुस्ती चालू ठेवायला आमची हरकत नाही, हे याचिकेतच लिहा. मुख्य कामाचा कार्यारंभ आदेश निघालाच तर तो याचिकेच्या निकालाच्या अधीन असावा, एवढाच अंतरिम आदेश मागा. असा आदेश मिळण्याची शक्यता पूर्ण स्थगितीपेक्षा बरीच जास्त असते, आणि समोरचा घाईघाईने पाइप आणून टाकून ‘आता फार पुढे गेलो’ म्हणू लागला तरी तुमचा मुद्दा जिवंत राहतो. प्रामाणिकपणा दाखवण्यासाठी काही रक्कम जमा करायला न्यायालय सांगू शकते, तिची तयारी ठेवा.

आणि उशीर करू नका. रमणा शेट्टी निकाल निविदेच्या कायद्याचा पाया मानला जातो, पण त्या खटल्यातला अर्जदार शेवटी रिकाम्या हातानेच परतला, हे फारसे कुणी सांगत नाही. तत्त्व त्याच्या बाजूने लागले, मात्र तो काही महिने उशिरा न्यायालयात आला आणि तोवर ठेकेदाराने जागेवर मोठा खर्च केला होता, म्हणून दिलासा नाकारला गेला. तुमच्याकडे अजून कार्यारंभ आदेश निघालेला नाही. हीच तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे आणि ती रोज कमी होते आहे.

सोलापूर जिल्ह्याची याचिका आता मुंबईला नेण्याची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सोलापूर त्याच्या अखत्यारीत येते. यशस्वी ठेकेदाराला प्रतिवादी करायला विसरू नका, त्याच्या गैरहजेरीत त्याचे काम रद्द होणार नाही. त्याने कॅव्हेट (आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश करू नये, असा आगाऊ अर्ज) टाकून ठेवले असेल तर त्याला आधी प्रत द्यावी लागेल, तेही तपासा. दरम्यान नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जरूर द्या. नगरपरिषदेच्या ठरावाची किंवा तिच्या वतीने होऊ घातलेल्या बेकायदा गोष्टीची अंमलबजावणी रोखण्याचा अधिकार त्यांना आहे. अर्जात मागणी मात्र वर सांगितली तेवढीच ठेवा, आणि तो प्रलंबित आहे म्हणून उच्च न्यायालयात जाणे लांबवू नका.

चुलतभावाच्या नावाने जनहित याचिका अजिबात नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१० च्या नियमांनुसार जनहित याचिका करणाऱ्याला स्वतःचा हितसंबंध उघड करावा लागतो. नाते पहिल्याच सुनावणीत बाहेर येईल, खर्च भरावा लागेल, आणि तुमच्या खऱ्या तक्रारीवर कायमचा डाग बसेल. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच स्वतःच्या नावाने यावे.

काळ्या यादीच्या धमकीने घाबरू नका. न्यायालयात जाणे हे काळ्या यादीत टाकण्याचे कारण होऊ शकत नाही. म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही त्या यादीत टाकता येत नाही, हे १९७५ च्या एरुशियन इक्विपमेंट निकालापासून पक्के आहे. २०१४ च्या गोरखा सिक्युरिटी निकालाने पुढे जाऊन सांगितले, की तशी कारवाई करण्याचा विचार असल्याचे कारणे दाखवा नोटिशीतच कळले पाहिजे. अभियंता काय म्हणाला, कुठे आणि कोणासमोर, ते तारखेसह लिहून मुख्याधिकाऱ्यांना सभ्य भाषेत कळवा. त्यावर उत्तर बहुधा येणार नाही, पण उद्या खरोखर नोटीस आली तर हे पत्र कामाला येईल.

पोटठेक्याचा निर्णय तुमचा आहे. तो घेतलात तर याचिका संपली असे समजा, कारण ज्या कामाला तुम्ही बेकायदा म्हणता त्यातूनच तुम्ही कमाई करत असाल. बहुतेक निविदांमध्ये लेखी परवानगीशिवाय पोटठेक्याला मनाईही असते, तेव्हा पैसे अडकले तर नगरपरिषद तुम्हाला ओळखणार नाही. बोलणी चालू असतील तर थांबवा, आणि ‘हरकत नाही’ अशा आशयाचा एकही कागद किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवू नका.

एक गोष्ट याच आठवड्यात करायची आहे. तुमची बयाणा रक्कम पोर्टलवरून आपोआप खात्यात परत येईल, कदाचित आलीही असेल. ती स्वीकारली म्हणून हक्क जात नाही, तरीही ‘हक्क राखून स्वीकारत आहे, निविदा कायम आहे, आदेश होताच रक्कम पुन्हा भरेन’ असे पत्र द्या. आणि निविदेची वैधता किती दिवसांची आहे ते पाहा. ती संपत आली असेल तर कुणी विचारायच्या आत स्वतःहून लेखी वाढवून द्या. छाननी पुन्हा करण्याचा आदेश झाला आणि तोवर तुमची निविदाच कालबाह्य झालेली असली, तर उघडायला लिफाफा उरणार नाही.