फलाटाच्या कडेचा तो क्षण

अगं, फास्ट लोकल धडधडत आत शिरताना ‘आपणच पुढे पाऊल टाकलं तर?’ असं चमकून जातं ना, ते मलाही वीस वर्षं होतंय. घाबरू नकोस. २०१२ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी उंच जागी येणाऱ्या अशाच विचाराबद्दल विद्यार्थ्यांना विचारलं. आत्महत्या कधी मनातही न आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना तो आला होता! शरीर आधी मागे सरतं, मन ‘उडी मारावीशी वाटली असणार’ असं कारण मागाहून जुळवतं, असा त्यांचा तर्क. मला तो पटतो.

विचार हुसकावू नकोस, हुसकावला की चिकटतो. पिवळ्या पट्टीमागे उभी राहा, बस्स. मात्र तो दिवसभर रेंगाळला किंवा खरंच मरावंसं वाटलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन कर, फुकट आहे. आणि मलाही कर, कितीही वाजता.