वाचकांचे प्रश्न : काळ्या बिअरला बाटल्या किती लागतील?

प्रश्न : मी घरी स्टाउट ही काळी बिअर बनवतो. उकळ संपली तेव्हा पातेल्यात २० लिटर द्रव होता, म्हणून अर्ध्या लिटरच्या ४० बाटल्या निर्जंतुक करून ठेवल्या आणि लिटरमागे ६ ग्रॅम या हिशेबाने १२० ग्रॅम साखर, बाटलीत फेसासाठी वायू तयार व्हावा म्हणून, बिअरमध्ये मिसळली. प्रत्यक्षात ३४ बाटल्याच भरल्या आणि आता काही बाटल्या उघडताना फेस उसळतो. बिअर काळीकुट्ट असल्याने भांड्यात ती किती उरली आहे, हे दिसत नाही. आधीच अंदाज कसा बांधावा?

उत्तर : तुमचा आकडा उकळत्या द्रवाचा आहे, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. असा द्रव गार होताना आकारमानाने सुमारे ४ टक्के घटतो, म्हणजे २० लिटरचे १९.२ लिटर झाले. यीस्ट आणि इतर गाळ मिळून दीड लिटर तळाशी राहणे नेहमीचेच आहे. हायड्रोमीटरसाठी (द्रवाची घनता मोजणारे उपकरण) दोनदा काढलेले नमुने आणि सायफनच्या नळीत व भांड्याच्या कोपऱ्यांत अडकलेली बिअर धरली, की तुमच्या ३ लिटरचा हिशेब जवळपास लागतो.

गाळाची जाडी बाहेरून टॉर्च लावून पाहण्याची युक्ती पारदर्शक भांड्यात थोडीफार चालते, पण भांडे जरा कलते असले तरी थर एका बाजूला चढतो आणि कडेची रेषा फसवते. माझा भरवसा वजनकाट्यावर आहे. बाटल्या भरण्याच्या बादलीचे रिकामे वजन आधी लिहून ठेवावे, गाळ न ढवळता बिअर तिच्यात सायफनने उतरवावी आणि एकूण वजनातून बादलीचे वजन वजा करून उत्तराला बिअरच्या अंतिम घनतेने भागावे. समजा, निव्वळ बिअर १७.२५ किलो भरली आणि हायड्रोमीटर १.०१५ दाखवत असेल, तर बिअर १७ लिटर आहे. काटा नसेल तर त्याच बादलीत एकेक लिटर पाणी ओतून आतल्या बाजूने दिसतील अशा खुणा एकदाच करून ठेवाव्यात. काळ्या बिअरची पातळीही वरून पाहता येते.

साखर मोजायची ती यानंतर. पाककृतीतल्या आकड्यावरून ती आधीच उकळून ठेवण्याची घाई नडते. मोजलेली साखर थोड्या पाण्यात उकळून, झाकून गार करावी आणि बिअरमध्ये हवा न मिसळेल अशा बेताने हळूच ढवळावी. स्टाउटला लिटरमागे ५ ग्रॅम मला पुरेसे वाटतात. तुमच्या बाटल्यांत ते प्रमाण ७ ग्रॅमवर गेले. तरीही केवळ एवढ्याने फेस उसळू नये. काही बाटल्याच उसळत असतील, तर साखर सारखी मिसळली नसावी किंवा त्या बाटल्यांत जंतुसंसर्ग झाला असावा. सगळ्याच उसळू लागल्या, तर किण्वन अपुरे राहिले होते असे समजावे. यापुढे दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली हायड्रोमीटरची दोन वाचने सारखी आल्याखेरीज बाटल्या भरू नयेत. उरलेल्या बाटल्या मात्र आजच फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि उघडताना भोवती जाड फडके गुंडाळावे, कारण दाबाने काच फुटू शकते.

बाटल्यांची संख्या काढताना १७ लिटरला अर्ध्या लिटरच्या ३४ आणि ३३० मिलिलिटरच्या ५१ हा हिशेब धरावा, वर दोन जादा ठेवाव्यात. बाटली तोंडापर्यंत न भरता वर साधारण ३ सेंटीमीटर जागा सोडावी, आणि शेवटची अर्धवट भरलेली बाटली बूच न लावता त्याच संध्याकाळी चाखून संपवावी.