गावाकडे आईवडिलांसाठी फ्री डिशचा बॉक्स घ्यायचाय. सहाशेचा आणि सोळाशेचा यात नेमका फरक काय?

तुम्ही लिहिलंय की उमरेडकडच्या गावी आईवडिलांकडे जुना टीव्ही आहे, दर महिन्याचं रिचार्ज बंद करून डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनपैशांची छत्रीवाली सेवा, लावायची आहे, आणि ऑनलाइन सहाशेपासून सोळाशेपर्यंतचे बॉक्स पाहून डोकं चक्रावलंय. माझंही चक्रावलं होतं. नागपूरला आमच्या घरी, मग बहिणीच्या शेतावर आणि मावशीकडे असे तीन बॉक्स मी बसवलेत. त्यातला पहिला साफ चुकला होता, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

नागपूरच्या बर्डी बाजारात एका दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, सगळे चॅनल दिसतात, घेऊन तं पाहा." घेतला. घरी स्कॅन लावलं, काही चॅनल आले. पण शेजाऱ्यांच्या बॉक्सवर दिसणारे कितीतरी चॅनल आमच्याकडे यादीतच उगवेनात. मला वाटलं, छत्री हलली. नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे दिवस, दुपारचे दोन वाजलेले, डोक्याला दुपट्टा बांधून गच्चीवर चढलो आणि तासभर छत्री इकडून तिकडे सरकवत बसलो. खालून मुलगी ओरडून सांगत होती, "बाबा, होते तेही गेले!" छत्रीचा काहीच दोष नव्हता. बॉक्स जुन्या जातीचा, फक्त एमपेग-२ (चित्र दाबून लहान करून पाठवायची जुनी पद्धत, एमपेग-४ ही नवी) वाचणारा होता. फ्री डिशवर काही चॅनल एमपेग-२ मध्ये येतात, काही एमपेग-४ मध्ये, आणि एमपेग-४ वाले नव्या डीव्हीबी-एस२ पद्धतीने पाठवले जातात. जुन्या बॉक्सला तो सिग्नलच कळत नाही, मग यादीत नाव येणार कुठून? नवा बॉक्स दोन्ही वाचतो. तेव्हा खोक्यावर 'एमपेग-४' आणि 'डीव्हीबी-एस२' हे दोन्ही शब्द छापलेले नसतील तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका.

हे एवढं जुळलं की सहाशे-सोळाशेमधला बराचसा फरक खोक्यावरच्या रंगीत चित्रांचा उरतो. 'फोर-के' लिहिलंय म्हणून दोनशे जास्त देऊ नका, फ्री डिशवरचे चॅनल फोर-केमध्ये येत नाहीत आणि तुमच्याकडचा टीव्हीही जुनाच आहे. 'वायफाय', 'यूट्यूब' हा प्रकार बहुतेक बॉक्सवर वेगळा डोंगल लावल्याशिवाय चालत नाही, आणि चालला तरी आईवडील तो वापरणार आहेत का, हे तुम्हीच ठरवा. 'पैसे भरायचे चॅनलही उघडून देतो' असं कोणी सांगितलं तर ते दुकानच सोडा. तो धंदा बेकायदेशीर आहे, आणि तसे उघडलेले चॅनल एक दिवस अचानक बंद पडतात.

टीव्हीच्या मागे मात्र नक्की डोकावा. जुन्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी भोकं असतात, आणि हल्लीचे काही छोटे बॉक्स फक्त एचडीएमआयचे येतात. बॉक्स घेऊन गावी पोहोचायचं आणि वायरच बसत नाही, असं व्हायला नको.

आता दोन बॉक्समध्ये खरी तुलना कशी करायची? लोक मेनूतले आकडे बघतात. एकावर सिग्नल ८५ टक्के, दुसऱ्यावर ७०, म्हणजे पहिला चांगला. तसं नसतं राजेहो. प्रत्येक बॉक्सचं सॉफ्टवेअर आपापल्या मापाने आकडा दाखवतं, त्यामुळे दोन बॉक्सचे टक्के एकमेकांशी ताडून काही उपयोग नाही. शिवाय 'स्ट्रेंथ'ची पट्टी छत्री भलतीकडे तोंड करून असली तरी भरलेली दिसते, कारण ती एलएनबीचा (छत्रीसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीचा) नुसता गोंगाटही मोजते. बघायची ती 'क्वालिटी'.

मी एक गावठी परीक्षा करतो. एकाच छत्रीला, एकाच केबलने, आधी एक बॉक्स आणि मग दुसरा लावायचा, दोन्हीवर तोच चॅनल ठेवायचा. कोणाला तरी गच्चीवर पाठवून ओला टॉवेल छत्रीच्या एका कडेपासून हळूहळू पुढे सरकवायला सांगायचं. चित्राचे चौकोन कधी पडायला लागतात ते बघायचं. ज्याचं चित्र जास्त टॉवेल सोसतं, त्याचा ट्यूनर, म्हणजे बॉक्समधला सिग्नल वाचणारा भाग, चांगला. फ्री डिश केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर येते आणि या बँडला पावसाचं पाणी सहन होत नाही, त्यामुळे जुलैतल्या धो-धो सरीत हाच फरक तुम्हाला दिसणार आहे. बहिणीकडे दोन बॉक्स असे तपासले, तेव्हा स्वस्तातला जिंकला होता. दुकानात हे करू देणार नाहीत, पण ओळखीतल्या कोणाचा बॉक्स दोन तासांसाठी मागून आणता येतो.

दुसरी परीक्षा दुकानातच करा, आणि तुमच्या आईवडिलांसाठी माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. बॉक्स चालू असताना एखादा मधलाच चॅनल लावा, थेट प्लग ओढा, दहा सेकंदांनी परत घाला. काही बॉक्स त्याच चॅनलवर परत येतात. काही एक नंबरवर जाऊन बसतात. आणि काही लाल दिवा लावून झोपून जातात, रिमोटने उठवल्याशिवाय उठत नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात वादळ आलं की लाइट किती वेळा जाते-येते ते तुम्हाला माहीत आहे. दर वेळी रिमोट शोधणं म्हातारपणी जिवावर येतं. काही बॉक्सच्या मेनूत हे बदलता येतं, दुकानदाराला तो पर्याय काढून दाखवायला सांगा.

स्कॅन किती बटणांत होतं तेही बघून घ्या. खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसारभारती लिलावाने देते, म्हणून एप्रिलच्या सुमारास यादी बदलते. २०२२ च्या एप्रिलमध्ये मोठ्या कंपन्यांचे मनोरंजनाचे चॅनल गेले होते, तेव्हा 'बॉक्स खराब झाला' म्हणून मावशीचा फोन आला होता. तिला मी फोनवरच बटणं सांगून स्कॅन करायला लावलं, कारण तिच्या बॉक्सवर ते तीन बटणांचं काम आहे. माझ्या बॉक्सवर आधी पासवर्ड मागतात.

छत्रीचं आता. रिचार्जवाली छत्री तुमच्याच मालकीची असेल तर नवी कशाला घेता? फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. नागपूर-उमरेडकडून बघितलं तर दक्षिणेपासून पूर्वेकडे साधारण ३५ अंश, म्हणजे आग्नेयेच्या थोडं अलीकडे, आणि क्षितिजापासून ६० अंश वर. डिश टीव्हीची छत्री असेल तर ती ९५ अंशांवरच्या उपग्रहाकडे बघते, अगदी किंचित दक्षिणेकडे ढकलावी लागेल. टाटा प्लेची ८३ अंशांकडे असते, ती पूर्वेकडे सुमारे २५ अंश फिरवून जराशी खाली झुकवायची. छत्री उभी दिसते, समोरच्या भिंतीकडे बघतेय असं वाटतं, पण तिच्या बनावटीमुळे ती प्रत्यक्षात बरीच वर बघत असते. त्यामुळे शेजारचं दुमजली घर सहसा आड येत नाही. आग्नेयेला कडुनिंब असेल तर मात्र हिशेब करा: छत्रीपासून दहा फुटांवर झाड असेल तर ते छत्रीपेक्षा सतरा फुटांहून उंच नको. एलएनबी 'युनिव्हर्सल' असावा, बॉक्सच्या मेनूत ९७५०/१०६०० असं निवडायचं. टिनाच्या छपरावर छत्री ठोकू नका, वाऱ्याने टिन थरथरतं आणि क्वालिटीची पट्टी वर-खाली नाचते.

बॉक्स टीव्हीवर ठेवा, पण कुलरच्या झोतात नको. ही चूक फक्त विदर्भातलेच करू शकतात. आमच्याकडे मे महिनाभर खसाची ओली हवा थेट बॉक्सच्या मागे लागत होती, जून उजाडला तेव्हा केबलच्या टोकावरचा पितळी काटा काळा पडलेला आणि चित्र दिवसातून चारदा गायब. काटा कापून नवा बसवला, वीस रुपयांचं काम. बॉक्स आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायला लागला, तर तो फेकण्याआधी त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच अँपिअरचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघा. दोन वेळा माझा बॉक्स त्यावरच वाचलाय. घेताना बीआयएसचं (सरकारी मानक संस्थेचं) चिन्ह आणि त्याखालचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मात्र बघून घ्या, सेटटॉप बॉक्सला ती नोंदणी सक्तीची आहे.

तुम्ही वडिलांच्या क्रिकेटचंही विचारलंय. भारताचे काही महत्त्वाचे सामने खासगी वाहिन्यांना दूरदर्शनला द्यावेच लागतात, २००७ चा कायदा आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते मोफत प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं. त्यामुळे त्या सामन्यांपुरते वडील खूश राहतील. आयपीएलचा मात्र शब्द देऊ नका.

माझ्याकडे आज असलेला बॉक्स नऊशेचा आहे आणि तुमच्या जागी मी त्याच टप्प्यातला घेईन, वरच्या दोन्ही परीक्षांत उतरला तर.

आणि रिमोटवर 'टीव्ही/रेडिओ' असं एक बटण असतं. ते चुकून दाबलं गेलं की पडदा रिकामा होतो आणि नुसता आकाशवाणीचा आवाज येतो. आईचा 'टीव्ही गेला' असा फोन आला, तर आधी विचारा, गाणी ऐकू येतात का. येत असतील तर तेच बटण परत दाबायला सांगा. आमच्याकडे त्यावर मी चिकटपट्टीच लावून टाकली आहे.