‘हे दिवसभर पेंगतात, मन खचलंय का?’

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातलं मराठी कुटुंब. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नवरा चाळिशीतला. स्कूटरच्या अपघातात मानेत, सी-६ म्हणजे मानेच्या सहाव्या पातळीला मज्जारज्जूची इजा झालेली. कोपर वाकतं, मनगट उचलतं, बोटांत पकड नाही. भेटायला आली ती बायको. ‘‘ताई, हे दिवसभर पेंगतात, चिडचिड करतात, व्यायामाचं नाव काढू देत नाहीत. सगळे म्हणतात, मन खचलंय. झोपेच्या गोळीची एकाची दीड करू का?’’

अशा इजेनंतर उदासी येऊ शकते आणि तिची चौकशी व्हायलाच हवी. पण त्याआधी रात्र तपासावी. सकाळी डोकं दुखतं का? घोरता घोरता आवाज मध्येच बंद पडतो का? दोन्हीला ‘हो’ आलं. मग गोळी वाढवायची नाही, असं तिथल्या तिथे सांगितलं. मनाने बंदही करायची नाही. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवतात. ताठरपणासाठीचं बॅक्लोफेनही अचानक तोडलं तर भास, फिट असे प्रकार होऊ शकतात.

आठवडाभर वही ठेवायला आणि रात्री मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगितलं. व्हिडिओत श्वास घेताना पोट फुगत होतं आणि छाती आत ओढली जात होती. बायको त्यानेच घाबरली होती. पण बरगड्यांमधले स्नायू लुळे पडून श्वास फक्त छाती-पोटामधल्या पडद्याच्या स्नायूवर चालला की असं दिसतंच. काळजीची गोष्ट पुढे होती. घोरणं थांबलं, पोट मात्र हलत राहिलं, आणि बऱ्याच वेळाने धाप लागल्यासारखा एक मोठा श्वास आला. हवा घशात अडत होती. मानेच्या इजेत हा स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. रात्रभर उताणं पडून राहणं, वाढलेलं वजन, अशक्त श्वसन, शिवाय स्नायू सैल करणारी औषधं, सगळ्यांचा त्यात हात असतो. झोपेची गोळी घसा आणखी सैल करू शकते आणि दचकून जागं होणं लांबवू शकते.

छातीच्या डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करून घेतली. तासाला १५ ते ३० वेळा श्वास अडला तर आजार मध्यम, त्याहून जास्त म्हणजे तीव्र. यांचा तीव्र निघाला आणि मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सी-पॅप मशीन लागलं.

वहीत मात्र आणखीही सापडलं. रात्री अकराला कॅथेटरने ३०० मिली लघवी, पहाटे तीनला ६५० मिली, आणि त्याच्या आधी पायांना झटके, कपाळाला घाम. दिवसभर खुर्चीत बसून पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि रात्री लघवी वाढते. मूत्राशय ५०० मिलीच्या वर ताणू द्यायचं नाही. टी-६ च्या, म्हणजे छातीच्या सहाव्या पातळीच्या, वरच्या इजेत त्यानेच रक्तदाब एकाएकी चढू शकतो. डोकं ठणकलं, घाम फुटला तर आधी उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, मूत्राशय रिकामं करायचं. तरी उतरलं नाही तर तडक दवाखाना. यांच्यासाठी उपाय साधे निघाले. संध्याकाळी तासभर पाय वर करून पडायचं, दिवसाचं पाणी कमी न करता सातच्या आत संपवायचं, झोपताना कॅथेटर करायचं आणि पहाटेचा गजर दोनला आणायचा.

एक गोष्ट त्यांना स्वतःला सांगणं गरजेचं होतं. झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन स्रवण्याचा निरोप मेंदूतून निघून मानेच्या मज्जारज्जूतून छातीच्या पातळीपर्यंत उतरतो आणि मग वर जातो. मानेतली इजा पूर्ण असेल तर ही वाट तुटते. झोप न येणं म्हणजे हट्ट नव्हे, हे बायकोच्या देखत सांगितल्यावर दोघांमधली धुसफूस बरीच निवळली.

त्वचेला दाबाची जखम होऊ नये म्हणून कूस बदलण्याचा दर दोन तासांचा नियम डिस्चार्जपासून तसाच चालला होता. तिचीही झोप मोडत होती, आणि याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पुनर्वसनाच्या डॉक्टरांनी त्वचा आणि गादी पाहून वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवायला परवानगी दिली. अट एकच: कुशीवर राहिल्याने आलेला लालपणा अर्ध्या तासात गेला पाहिजे, नाहीतर मागचं अंतर धरायचं. कुशीवर झोपल्याने घसाही कमी अडतो.

सी-पॅपला आठवड्यातच त्यांनी नकार दिला. कारण विचारल्यावर कळलं: ‘‘उलटी झाली तर मास्क काढणार कोण?’’ भीती रास्त होती. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कमध्ये उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. नाकापुरता मास्क आला, त्याच्या पट्ट्याला फिजिओने अंगठा अडकेल असं कडं शिवून दिलं, आणि मनगटाने दाबता येईल अशी बेल उशीजवळ लावली. आधी दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास मास्क, मग रात्री. आता ते तो रात्रभर ठेवतात. उदासीची प्रश्नावली आम्ही त्यानंतरच भरून घेतली.