पहिला कोच मॅकहेल नव्हे, वॉरल

तुमचे प्रश्न दोन. ऑस्ट्रेलियन फुटीमधला (म्हणजे तिथल्या खास नियमांच्या फुटबॉलमधला) पहिला कोच जॉक मॅकहेलच ना? आणि जुन्या कसोटी स्कोअरकार्डांवर दिसणारा जॅक वॉरल आणि कार्लटन क्लबचा वॉरल एकच की वेगळे? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: एकच माणूस. पहिल्याचं उत्तर 'नाही', आणि तिथे जरा लांबण लागणार आहे.

मॅकहेलचं नाव आधी तोंडात येतं यात नवल नाही. 1912 ते 1949 सलग मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबचा कोच, 714 सामने, 8 विजेतेपदं. एवढा डोंगर दिसला की त्याच्या मागे कुणी असेल असं वाटतच नाही. पण मॅकहेलने सूत्रं घेतली तेव्हा वॉरलच्या खात्यात चार विजेतेपदं जमा होती, आणि पाचवं त्याच वर्षी आलं.

वॉरल 1861 चा, व्हिक्टोरियात मेरिबरोजवळच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखातला. 1884 मध्ये फिट्झरॉयकडून फुटी खेळू लागला आणि पुढे कप्तान झाला. मला मजा वाटते ती त्याच्या कसोटी पदार्पणाची. जानेवारी 1885, मेलबर्न. गेटच्या (तिकीटविक्रीच्या) पैशांवरून खेळाडूंचं बिनसलं आणि इंग्लंडविरुद्धच्या त्या मालिकेत ऑस्ट्रेलियाने पहिल्या कसोटीतले अकराच्या अकरा बदलले. त्या घाऊक भरतीत वॉरल आत शिरला. दुसरे पैशांवरून अडून बसले म्हणून याला दार उघडलं, हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल. एकूण 11 कसोट्या, सर्वोच्च 76, लीड्सला 1899 मध्ये. क्लब क्रिकेटमध्ये मात्र 1896 साली कार्लटनकडून मेलबर्न विद्यापीठाविरुद्ध नाबाद 417. (चारशे सतरा. अक्षरात लिहिलं, नाहीतर टंकनदोष समजाल.)

आता मुद्द्याचं. 1902 मध्ये कार्लटन फुटबॉल क्लबने त्याला सेक्रेटरी नेमलं. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये तेव्हा आठ संघ होते आणि कार्लटन सुरुवातीपासून तळाशी घुटमळत होता. सेक्रेटरीचं काम म्हणजे हिशेब, पत्रव्यवहार आणि सभा. खेळ कप्तानाच्या हाती. वॉरलने हळूहळू सराव, खेळाडू शोधून आणणं, कोण कुठे खेळणार हे सगळं स्वतःकडे ओढून घेतलं. स्वतः मैदानात नाही, जर्सी अंगावर नाही, तरी संघ त्याचा. लीगमधला पहिला कोच त्याला म्हणतात ते यामुळे.

पण हा कोच म्हणजे आजच्यासारखा काचेच्या खोलीत बसून फोनवर खेळाडू बदलणारा समजू नका. तेव्हा बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. अठरा उतरायचे, एकाचा गुडघा गेला तर उरलेल्या सतरांनी निभवायचं. एकोणिसाव्या खेळाडूला परवानगी मिळाली ती 1930 मध्ये. म्हणजे सामना सुरू झाला की कोचच्या हातात फारसं काही उरायचं नाही. जे करायचं ते आठवडाभर आधी: दम वाढवणं, शिस्त, आणि शेवटच्या क्वार्टरपर्यंत (सामन्याच्या चौथ्या भागापर्यंत) पाय चालतील अशी दणकट माणसं गोळा करणं. शिस्तीच्या बाबतीत वॉरल कडक होता, आणि ते सगळ्यांना गोड लागत नव्हतं.

याचं फळ बघायचं तर 1907 ची ग्रँड फायनल, म्हणजे विजेतेपदाचा सामना, बघा. त्याआधी एक सांगतो, कारण मेलबर्नला आल्यावर पहिली दोन वर्षं मीही फुटीचा स्कोअर वाचून गोंधळायचो. मधल्या दोन उंच खांबांतून किक गेली तर गोल, त्याचे 6 गुण. बाहेरच्या बुटक्या खांबापर्यंतच्या पट्टीतून गेली तर बिहाइंड, त्याचा 1. स्कोअर लिहिताना आधी गोल, मग बिहाइंड, मग कंसात बेरीज. 1907 मध्ये कार्लटन 6.14 (50), साउथ मेलबर्न 6.9 (45). गोल दोघांचे सारखेच! विजेतेपद ठरलं ते हुकलेल्या किकांवर. गंमत अशी की वॉरल स्वतः फिट्झरॉयकडून खेळायचा तेव्हा निकाल फक्त गोलांवर लागायचा. त्या हिशेबाने हा सामना बरोबरीत सुटला असता. बिहाइंडचा गुण धरायला लागले 1897 मध्ये लीग सुरू झाल्यावर.

1906 ला फिट्झरॉयला आरामात हरवलं होतं, 94 विरुद्ध 45. 1908 ला एसेंडनविरुद्ध 35 विरुद्ध 26, म्हणजे मारामारीच. पण सलग तीन विजेतेपदं, लीगमध्ये हे आधी कुणालाच जमलं नव्हतं.

आणि मग 1909. हंगाम चालू असतानाच खेळाडू बिथरले. शिस्तीचा जाच होता आणि पैशांची कुरबुरही होती. लीगमध्ये खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला अधिकृत मुभा 1911 मध्ये मिळाली, त्याआधी सगळा मामला लपूनछपून. ज्या कारणाने 1885 मध्ये वॉरलला कसोटी टोपी मिळाली, जवळपास त्याच कारणाने आता खुर्ची गेली. माझ्या मते खेळाडूंचं अगदीच चुकलं नव्हतं. प्रेक्षक तिकीट काढून त्यांना बघायला येत होते, बाहेर उभ्या असलेल्या सेक्रेटरीला नव्हे. पण त्याने राजीनामा दिला, कप्तान फ्रेड एलियटने कोचपदही सांभाळलं, आणि त्या वर्षीची ग्रँड फायनल कार्लटन हरला. 4.14 (38) विरुद्ध 4.12 (36), समोर पुन्हा साउथ मेलबर्न. पुन्हा गोल सारखे, आणि या वेळी दोन बिहाइंडांनी घात केला.

वॉरल घरी बसला नाही. 1911 मध्ये एसेंडनने बोलावलं. त्यांचं शेवटचं विजेतेपद 1901 चं. त्याने पहिल्याच वर्षी जिंकून दिलं, 1912 मध्ये परत. 'वॉरलला कार्लटनमध्ये तयार संघ मिळाला होता' असं कुणी म्हणालं तर हे दोन आकडे पुढे करा.

उतारवयात तो 'द ऑस्ट्रलेशियन' साप्ताहिकात फुटी आणि क्रिकेटवर लिहायचा. क्रिकेटवाल्यांसाठी जाता जाता: 1932-33 च्या मालिकेत इंग्लंडच्या माऱ्याला 'बॉडीलाइन' हे नाव पडलं, त्याचं श्रेय अनेक जण वॉरलला देतात. आखूड टप्प्याचे चेंडू शरीराच्या रेषेत येतात अशा अर्थाचे शब्द त्याने लिहिले होते. दुसरा दावेदार पत्रकार ह्यू बग्गी. या वादात मी पडत नाही, दोन्हीकडचे लोक फार चिडतात.