तारपा नाचाचं चित्र आणि विद्यापीठाचा करार

प्रश्न : मी डहाणूकडे वारली चित्रं काढतो. एका विद्यापीठाला ती स्कॅन करून अ‍ॅनिमेशनसाठी आणि एआयला शिकवण्यासाठी हवीत. मानधन एकदाच देणार. सही करू का?

उत्तर : दादा, थांबा. करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं असेल तर ती ओळ आधी खोडायला लावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिलेली नसली तर हक्क ५ वर्षांपुरतेच दिले असं धरतात. ‘कायमस्वरूपी’ लिहिलंत की ते संरक्षणही गेलं. अ‍ॅनिमेशनची परवानगी वेगळी, एआयची वेगळी, पैसेही वेगळे. तारपा वाजवणाऱ्याभोवतीची तुमची ती नाचणारी रांग पडद्यावर हलली की खाली तुमचं नाव हवंच. हक्क विकले तरी कलम ५७प्रमाणे चित्र तुमचं आहे हे सांगण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. वारली चित्रकलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, पण तो नाव जपतो, तुमचं हे एक चित्र नाही.

लग्नचौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात तो चौक, मात्र देऊ नका असं मला मनापासून वाटतं. तो एकट्याचा नाही. पाड्यात लग्न लावणाऱ्या धवलेरीला, जाणत्या बायकांना आधी विचारा.

मसुदा मराठीत मागा आणि मला पाठवा. मी ओळ न् ओळ वाचून देते.