घरात अखंड बडबड, बालवाडीत एक शब्द नाही

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. घरात तिचं तोंड क्षणभर बंद नसतं. गाणी म्हणते, मोठ्या भावाशी कडाकडा भांडते. बालवाडीत घालून सात महिने झाले, पण तिथे तिच्या तोंडून अजून एक शब्द निघालेला नाही. हजेरीला बाई नाव पुकारतात, तेव्हा ती नुसती ताठ बसून राहते. बाकीची मुलंच सांगून टाकतात, "बाई, ती बोलत नाही." मामाशी फोनवर भरभरून बोलते, पण तोच मामा दारात उभा राहिला की माझ्या मागे लपते. बाई म्हणतात, हट्टी आहे. सासूबाई म्हणतात, तिचा बाबाही लहानपणी असाच घुमा होता, आपोआप होईल नीट. लाडीगोडी झाली, बक्षिसाचं आमिष झालं, रागावूनही झालं. परवा रात्री झोपताना ती मला म्हणाली, "आई, मला बोलायचं असतं, पण आवाजच येत नाही." मी काय करू?
— एक आई

उत्तर : ताई, तुमच्या लेकीने रात्री जे सांगितलं ते बाईंना आणि सासूबाईंना जसंच्या तसं सांगा. चार वर्षांचं मूल आपली अडचण इतक्या नेमक्या शब्दांत क्वचितच सांगतं. आवाज येत नाही म्हणजे खरोखरच येत नाही. भीतीने मान-खांदे ताठतात, घसा आवळतो, चेहऱ्यावरचे भाव पुसले जातात. आणि तो कोरा चेहरा बघून मोठ्या माणसांना वाटतं, की ही मुद्दाम करते आहे. वाक्-उपचाराच्या कामात अशी मुलं मी जवळून पाहत आले आहे. त्यांना कुणी हट्टी म्हटलं की मला फार वाईट वाटतं, कारण त्या क्षणी ते मूल जिवाच्या आकांताने बोलायचा प्रयत्न करत असतं.

तुम्ही जे लिहिलं आहे ते सिलेक्टिव्ह म्युटिझमशी पुष्कळ जुळतं. घरात, जवळच्या माणसांत मूल मोकळेपणी बोलतं. शाळेत किंवा परक्यांसमोर त्याची वाचा बसते. निदान प्रत्यक्ष भेटूनच होतं, म्हणून ते मी इथे करत नाही. पण वाट बघत बसू नका, हे मात्र ठामपणे सांगते. असं गप्प राहणं महिनाभरापेक्षा जास्त टिकलं तर तज्ज्ञांना दाखवावं. शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत, कारण तेव्हा बरीच मुलं बावरलेली असतात. तुमचे तर सात महिने उलटले. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत याची नोंद चिंताविकारांमध्ये केली. उपचारांची सगळी दिशा त्यावरच ठरते. आधी भीती उतरवायची. ती उतरली की बोलणं येतं.

सासूबाईंचं निरीक्षण खरं आहे, त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ तेवढा बरोबर नाही. बुजरा स्वभाव आणि चिंतेकडचा कल घराण्यात चालत आलेला असतो, त्यामुळे बाबाही घुमा होता हे ऐकून मला नवल वाटलं नाही. पण 'आपोआप' यावर भिस्त ठेवू नका. मूल जितकी वर्षं गप्प राहतं, तितकी 'ती बोलत नाही' ही ओळख वर्गात पक्की होते, आणि ती ओळख मोडून पहिला शब्द काढणं दरवर्षी अवघड होत जातं. चार वर्षांच्या मुलीबरोबर हे काम सहावी-सातवीतल्या मुलीपेक्षा पुष्कळ सोपं असतं. आणखी एक. अशा मुलांच्या आईवडिलांना, घरात काही वाईट घडलं का, असं आडून आडून विचारलं जातं. बहुतेक मुलांच्या बाबतीत तसं काहीही घडलेलं नसतं. तो सल मनात ठेवू नका.

आता घरातली एक गोष्ट बघा. कुणीतरी विचारतं, "बाळ, तुझं नाव काय?" ती गप्प. एक क्षण जातो, सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं, आणि तुम्ही किंवा तिचा भाऊ तिचं नाव सांगून मोकळे होता. तिचा जीव भांड्यात पडतो. तुमचाही. हे सगळं मायेपोटीच होतं. पण दरवेळी ती एकच गोष्ट शिकते, की गप्प राहिलं की सुटका होते. उलट बाजूने 'बोल ना, बोल ना' असा धोशा लावला की भीती वाढते. या दोन्हींच्या मधली वाट धरायची आहे, आणि ती सवयीने जमते.

ती अशी. नवं माणूस भेटलं की पहिली काही मिनिटं तिला कुणीच प्रश्न विचारायचा नाही. हे त्या माणसाला आधीच सांगून ठेवा. तिच्या समोर नाही, शेजारी बसायचं, चेहऱ्याकडे न बघता ती जे करते आहे त्याबद्दल सहज बोलायचं. "अरे वा, निळी गाडी पुलाखालून गेली." एवढंच. ती सैलावली, हात मोकळे हलायला लागले की मग तुम्ही निवडीचा प्रश्न विचारायचा. "आता लाल गाडी घ्यायची की पिवळी?" 'हो-नाही'चा प्रश्न नको, त्याला मान हलवून उत्तर देता येतं. 'तुला काय हवं?' असा मोकळा प्रश्न सुरुवातीला जड जातो. निवडीच्या प्रश्नात उत्तराचा शब्द तुम्हीच तिच्या हाती दिलेला असतो.

आणि मग थांबायचं. मनात सावकाश पाच अंक मोजायचे. हे पाच सेकंद आईला फार लांब वाटतात, तोंडातून शब्द निसटू बघतात, पण मधे कुणी बोलायचं नाही. मुलाला घाबरलेला श्वास सोडून शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतोच. उत्तर आलं, अगदी कुजबुजत आलं, तरी साधेपणाने म्हणायचं, "पिवळी म्हणालीस, मला सांगितलंस ते छान केलंस," आणि पिवळी गाडी द्यायची. नाही आलं तर तोच प्रश्न एकदा पुन्हा. तरीही नाही, तर प्रश्न सोपा करायचा किंवा तिला थोडं बाजूला नेऊन तुमच्या कानात सांगू द्यायचं. काहीतरी छोटं का होईना, तिच्याकडून घडल्यावरच पुढे जायचं.

बालवाडीसाठी बाईंची साथ लागेल. त्यांना माझ्या वतीने सांगा, की रोज पंधरा-वीस मिनिटं मिळाली तरी पुरेत. शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर, वर्ग रिकामा असताना तुम्ही मायलेकींनी तिथे बसायचं. दार लावलेलं. मला चित्रांचे पत्ते उलटून जोडी लावण्याचा खेळ यासाठी सगळ्यात बरा वाटतो. पत्ता उघडला की नाव ओठांवर येतंच, आणि उत्तर चुकण्याची धास्ती नसते. पहिल्या दिवशी ती कुजबुजेल, कदाचित तेही नाही. घाई नको. त्या वर्गात तिचा घरचा आवाज उमटला, ती हसली, 'मी जिंकले' म्हणून ओरडली, की पुढची पायरी.

आता बाई व्हरांड्यातून जातात, आत बघत नाहीत. पुढे कधीतरी दार अर्धं उघडं राहतं. मग बाई दाराशी पाठमोऱ्या उभ्या राहून भिंतीवर चित्रं चिकटवतात. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला कागद आवरत बसतात. या सगळ्या वेळात खेळ चालू आणि तिचा आवाजही चालू. आवाज बारीक झाला, ती पत्त्यांऐवजी बाईंकडे बघायला लागली, तर बाईंनी काही न बोलता एक पायरी मागे जायचं. पायऱ्या जितक्या बारीक, तितकं काम पुढे सरकतं. बाई शेजारी येऊन बसल्या तरी आधी फक्त आपला पत्ता उघडतील, त्याचं नाव तुम्ही घ्याल. मग बाई आपल्या पत्त्याचं नाव घेतील, तुम्ही तुमच्या, आणि फेरी फिरत तिच्याकडे येईल. त्या क्षणी कुणीही तिच्या तोंडाकडे बघू नये. ती बोलली तर खेळ पुढे जाऊ द्यावा, टाळ्या नकोत, 'बघा, बोलली!' तर मुळीच नको. मोठा गाजावाजा झाला की पुढच्या वेळी तोच तिच्यावर दडपण आणतो.

बाईंशी बोलणं जमल्यावर तुम्ही सरका. आधी खुर्ची मागे, मग 'पाण्याची बाटली भरून आणते' म्हणून दोन मिनिटं बाहेर. त्यानंतर खेळात एक मैत्रीण, मग दुसरी. भरलेला वर्ग आणि हजेरी सगळ्यात शेवटी. काही मुलांचं हे काही आठवड्यांत होतं, काहींना कित्येक महिने लागतात, आणि मोठ्या सुट्टीनंतर थोडं मागेही जातं.

मामाशी ती फोनवर बोलते, ही मोठी जमेची बाजू आहे. तिची हरकत नसेल तर तिने म्हटलेलं गाणं फोनवर रेकॉर्ड करा आणि तिच्यासमोरच बाईंना ऐकवा. आपला आवाज बाईंनी ऐकला आणि काहीही बिघडलं नाही, हा अनुभव पुष्कळ काही करतो. मामा येणार असेल तर दाराबाहेरूनच त्याने फोन लावावा आणि बोलता बोलता आत यावं.

रोज शाळेतून आल्यावर 'आज बोललीस का?' हे विचारणं बंद करा. घरातल्या सगळ्यांनीच. बक्षीस द्यायचं तर तिच्या आवाक्यातल्या छोट्या पायरीसाठी द्या. 'वर्गात बोललीस तर सायकल' हे आमिष तिला अजून न झेपणाऱ्या गोष्टीसाठी आहे, आणि सायकल मिळाली नाही की ती स्वतःलाच वाईट ठरवते. तिच्याशी मात्र मोकळेपणाने बोला : काही मुलांचा आवाज बाहेर गेल्यावर अडकतो, तो हळूहळू सुटतो, आपण दोघी मिळून ते करू, तुला कुणी जबरदस्ती करणार नाही. हे ऐकून तिला हायसं वाटेल.

याच महिन्यात तिची श्रवणतपासणी करून घ्या, आणि वाक्-भाषा उपचारतज्ज्ञाकडून उच्चार व भाषेचीही तपासणी करा. गप्प राहण्याच्या आड कधी कधी बोलण्यातली एखादी अडचण दडलेली असते. सोबत बालमानसतज्ज्ञांची भेट ठरवा. जाताना घरातल्या बडबडीचा व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात ती बोलणार नाही. औषधांचा विचार या वयात सहसा आधी करत नाहीत, वर सांगितलेल्या पायऱ्यांसारखे वर्तनोपचारच पहिले. पायऱ्या कुठे अडल्या तर मला पुन्हा जरूर लिहा, कोणत्या पायरीवर अडलं तेही लिहा.

प्रश्न : मी बालवाडी शिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी वेगळी भाषा बोलतात. सहा महिने तो गप्प आहे. भाषा येत नाही म्हणून, की आणखी काही? शौचालयाला जायचंही सांगत नाही, कपडे ओले होतात.
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, नव्या भाषेत पडलेलं मूल काही महिने नुसतं ऐकत राहतं, आणि ते स्वाभाविक आहे. फरक ओळखायचा तर तो आपल्या घरच्या भाषेत कुणाकुणाशी बोलतो ते पालकांना विचारा. त्याच भाषेतल्या शेजाऱ्यांपुढे, नातेवाइकांपुढेही तो गप्प होत असेल, तर कारण भाषेचं नाही, आणि त्याला तज्ज्ञांकडे पाठवायला हवं. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांत सिलेक्टिव्ह म्युटिझम थोडं जास्त दिसतं. म्हणून घरची भाषा सोडा, असं मात्र पालकांना चुकूनही सांगू नका. तो मोकळेपणी बोलतो ती तेवढी एकच जागा आहे.

कपडे ओले होण्याचा प्रश्न उद्याच सोडवा. सगळ्याच मुलांना ठरावीक वेळांना शौचालयात नेऊन आणा. शिवाय दाराजवळ एक चित्र टांगा. ज्याला जायचं असेल त्याने ते चित्र उचलून तुमच्या टेबलावर ठेवायचं आणि जायचं, परवानगी विचारायची नाही. नियम सगळ्या वर्गाला सारखा, म्हणजे तो एकटा उठून दिसणार नाही. हजेरीचंही तसंच करा. प्रत्येकाने आत येताना आपल्या नावाची पाटी खिळ्याला अडकवायची. आणि एखाद्या मुलाने 'बाई, तो बोलत नाही' असं सांगितलं, तर लगेच, त्याला ऐकू जाईल असं म्हणा, "तो घरी बोलतो, त्याला वाटेल तेव्हा इथेही बोलेल," आणि पुढचं काम सुरू करा.